सैल झालेला झंपर आणि आवळलेली नाडी

घरातील वडीलधाऱ्यांचे वजन घटू लागले, की ते सर्वांत आधी कोणाच्या ध्यानी येते? बहुधा शिंप्याच्या. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली असते, बाही मनगटाखाली लोंबते, झंपराच्या पाठीवर कापड गोळा होते. घरी मात्र ‘धुऊन धुऊन सैल झाले’ एवढ्यावर विषय मिटतो. वास्तविक सुती कापड धुतल्यावर आटते. इलॅस्टिक सैल पडेल, पण गेल्या वर्षी नीट बसणारा नेहरू शर्ट आज अंगावर झुलत असेल, तर दोष कापडाला देण्यापूर्वी आपण त्या व्यक्तीकडे एकदा नीट पाहावे.

आपल्या भागात ही गोष्ट लपून राहण्याचे आणखी एक कारण आहे. धोतर आणि नऊवारी लुगडे ही न शिवलेली वस्त्रे. शरीर रोडावले तर दोन निऱ्या अधिक पडतात, ओचा थोडा जाड होतो, इतकेच. स्कॉटलंडमधील पुरुषांचा चुणीदार किल्टही असाच गुंडाळून पट्ट्या-बकलांनी आवळतात. थोडा फरक पडल्यास बकल सरकवले की भागते. गुंडाळण्याच्या वस्त्राचा हा मोठा गुण आहे. आजारपणात मात्र तोच गुण फसवा ठरतो, कारण वस्त्र तक्रारच करीत नाही. म्हणून लुगडे नेसणाऱ्या आजींच्या बाबतीत झंपर पाहावा आणि धोतर नेसणाऱ्या आजोबांच्या बाबतीत बंडी.

बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबांना हे अधिक लागू आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कर्ते स्त्री-पुरुष ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावरच परततात. मधले चार-सहा महिने गावात म्हातारी माणसे आणि नातवंडे. एकट्यापुरती चूल पेटवण्याचा कंटाळा येतो, भाकरी चावत नाही, चहावर वेळ निभावली जाते. दूरध्वनीवर ‘बरी आहे मी’ हेच उत्तर मिळते. आपण असे बाहेर राहत असाल, तर ‘जेवलात का?’ या प्रश्नासोबत ‘झंपर अंगाला नीट बसतो का?’ हेही विचारावे. निघण्यापूर्वी आई-वडिलांचे वजन उपकेंद्रात करवून दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे आणि दर महिन्याला आशाताईंच्या किंवा शेजाऱ्यांच्या मदतीने, शक्यतो त्याच काट्यावर, पुन्हा करवावे.

साधा हिशोब असा. कोणताही प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांनी घटले, तर तपासणी हवी. साठ किलोंच्या माणसात हे केवळ तीन किलो होतात. ‘वय झाले, वाळायचेच’ ही समजूत घातक आहे. आटोक्यात नसलेला मधुमेह, क्षयरोग, थायरॉइडचा अतिस्राव, कर्करोग, दुखरे दात किंवा सैल कवळी, भूक मारणारे एखादे औषध, उदासी, विस्मरण यांपैकी काहीही मागे असू शकते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप किंवा रात्रीचा घाम असल्यास थुंकीची तपासणी लगेच करावी. सरकारी आरोग्यकेंद्रात ती आणि क्षयाचे औषधोपचार विनामूल्य आहेत. पुढील तपासण्यांसाठी बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. जाताना चालू औषधांच्या चिठ्ठ्या न्याव्यात. वजन उतरल्यावर मधुमेहाची वा रक्तदाबाची जुनी मात्रा जास्त होऊन चक्कर येऊ शकते. मात्रा डॉक्टरांनीच बदलायची. आपण परस्पर गोळी बंद करू नये.

वजनकाटा नसेल तर शिंप्याची टेप उपयोगी पडते. पाय टेकवून बसलेल्या व्यक्तीच्या पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजावा. वृद्धांच्या पोषणतपासणीत हा घेर ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे स्नायू झिजल्याची खूण मानतात. पायाला सूज असेल तर मात्र हे माप फसवते.

याच्या उलट, कपडे एकाएकी घट्ट होणे हे ‘अंगाला लागले’ म्हणून आनंदाने पाहण्याजोगे नेहमीच नसते. हातपाय काटकुळे, पण धोतर पोटावर पुरत नाही. पायमोज्याचा वळ खोल उमटतो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले. हे पाणी साचल्याचे लक्षण असू शकते. हृदय, मूत्रपिंड वा यकृत यांचा विकार असलेल्यांनी अशा वेळी थांबू नये. धाप लागत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता नाडीविषयी, कारण हा धोका घरोघरी आहे आणि त्याची चर्चा होत नाही. वजन उतरले की परकर घसरतो, म्हणून नाडी अधिक करकचून बांधली जाते. वर्षानुवर्षे त्याच जागी घासून कातडी काळवंडते, सोलवटते. एखादी जखम भरतच नाही आणि क्वचित तिच्यात कर्करोग उद्भवतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सहकाऱ्यासह १९४५ मध्येच धोतराच्या घट्ट गाठीखाली होणाऱ्या अशा कर्करोगाची नोंद केली होती. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहार येथील डॉक्टरांनी कमरेवर असाच व्रण झालेल्या दोन वृद्ध स्त्रियांची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. हे विरळ आहे, घाबरून जाऊ नये. पण आजींच्या कमरेवर न भरणारी जखम असेल तर हळद लावत महिने घालवू नयेत. नेफ्यात बारीक दोरीऐवजी रुंद, मऊ पट्टी किंवा इलॅस्टिक घालावे, गाठीची जागा रोज बदलावी आणि घरी असताना सैल गाऊन वापरू द्यावा. लाज वाटते म्हणून त्या नकार देतील. सुनेने वा लेकीने हळूच समजावल्यास बहुधा ऐकतात.

कपडे दुरुस्त करताना पहिला प्रश्न पडण्याचा आहे. सैल पायजमा टाचेखाली येतो, वाढलेल्या निऱ्या पायात गुरफटतात. तेव्हा बाकी काही करण्यापूर्वी कडा घोट्याच्या वर घ्यावी. अशक्तपणा असेल तर नऊ वारांचे ओझे बाजूला ठेवून हलके पाचवारी पातळ किंवा गाऊन बरा, परंतु सणासुदीला आजींना लुगडेच हवे असेल तर कोणीतरी नेसवून द्यावे. त्यांच्यासाठी तो मानाचा प्रश्न असतो.

झंपराच्या बाजूच्या शिवणी आत घेणे सोपे. खांदा उतरलेला शर्ट मात्र दुरुस्तीत क्वचितच साधतो, तो नवा शिवणे परवडते. पक्षाघातानंतर किंवा सांधेदुखीत काज-गुंड्यांऐवजी पुढून उघडणारे वेल्क्रो लावून घ्यावे. कपडा घालताना दुबळा हात आधी घालावा, काढताना शेवटी काढावा. रुग्णाला दुकानात नेता येत नसेल तर नीट बसणारा एखादा कपडा नमुना म्हणून द्यावा.

नव्या कपड्यांची मोठी खरेदी मात्र वजन दोन-तीन महिने स्थिर राहीपर्यंत टाळावी. तोवर दोन-तीन जोड पुरतात. शिंप्याला बजावून सांगावे, की जादा कापड कापू नये, आत दुमडून कच्ची टीप मारावी. जुने झंपर घाईने कोणाला देऊनही टाकू नयेत. क्षयाचे औषध पूर्ण झाले, साखर आटोक्यात आली, कवळी बसली, की पुष्कळांच्या अंगावर पुन्हा मांस चढते. तेव्हा आत राखलेली माया कामी येते आणि टीप उसवली की तोच झंपर पुन्हा अंगाला बसतो.