दम कुणाचा जास्त, तुमचा की आजोबांचा?

सकाळी नऊची वेळ, दादर स्टेशनचा ब्रिज. पाठीवर लॅपटॉप आणि अर्ध्या जिन्यातच धाप. तेवढ्यात भाजीची पिशवी सावरत एक सत्तरीचे आजोबा ‘जरा बाजूला व्हा हो’ म्हणत टकाटक वर! लाज वाटते ना? मला तरी वाटली.

गिरगावच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला जिना चुकत नाही. आपल्याला परळच्या ऑफिसात दुसऱ्या मजल्यासाठीही लिफ्ट लागते. याचा हिशेब मांडला जातो स्नायूंच्या आत, मायटोकाँड्रियात. शाळेत ‘तंतुकणिका’ म्हणून घोकलेली पेशीची पॉवरहाऊसेस ती हीच. अन्न आणि ऑक्सिजन वापरून स्नायूंना ऊर्जा पुरवणारी. वय वाढतं तशी त्यांची क्षमता घटते, बिघडलेली मोडीत काढण्याचं कामही मंदावतं. त्यात तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी कमी होतात. म्हणजे हा प्रश्न आजोबांचा नाही, आपलाच!

‘माझं वजन तर परफेक्ट आहे’ म्हणताय? मग हा किस्सा ऐका. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या जर्नलमध्ये केईएमचे (पुण्याचं केईएम, आपलं परळचं नव्हे) डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सेम, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२! वजनकाटा हे सांगत नाही. दिसायला बारीक, पण स्नायू कमी. म्हणजे पॉवरहाऊसेसही कमी. म्हातारपणी खर्चायला शिल्लक ती किती राहणार?

दिलासा एवढाच, की मागणी वाढली की ही पॉवरहाऊसेस वाढतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी १२ आठवडे दमछाक करणारं सायकलिंग केलं. ४ मिनिटं जोरात, मग थोडा दम खायचा, असं चारदा. तरुणांच्या मायटोकाँड्रियाची क्षमता ४९ टक्क्यांनी वाढली. ६५ ते ८० वयाच्या मंडळींची तब्बल ६९ टक्क्यांनी! गोम अशी, की स्नायूंच्या ताकदीत मात्र वजनं उचलणारे पुढे होते. तेव्हा दोन्ही हवं.

सायकल नसेल तर शिवाजी पार्कच्या फेरीत ४ मिनिटं झपाझप चाला, ३ मिनिटं रमतगमत. बीपी किंवा हार्टची भानगड असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि उद्या ब्रिजवर ते आजोबा दिसले तर त्यांची पिशवी मागून घ्या. वजन उचलणं तेवढंच!