गाठीगाठीनं वाढलेलं रान

अंबाडीच्या पेंढ्या ओढ्यात बुडवून ठेवल्या की काही दिवसांनी जो वास सुटतो, तो एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. कुजलेली साल सोलायची, धुवायची, वाळवायची. मग उरतो तो वाख. आमच्या आजोळी वाखाच्या जुड्या माळ्यावर टांगलेल्या असत आणि आजोबा दुपारी ओसरीवर बसून मांडीवर पिळत पिळत दोरी वळत. कासरा, दावं, बाजेची सुतळी, शिंकं, सगळं त्यातूनच निघे. मला शिंक्याचं फार नवल वाटे. त्यात विणकाम असं काही नसतं, नुसत्या गाठी. रिकामं असताना ते आढ्याला मरगळून लोंबतं आणि दुधाचं मडकं ठेवलं की त्याच क्षणी ताठ होऊन गोल आकार धरतं.

मृणालिनी मुखर्जी यांची दोराची शिल्पं प्रथम पाहिली तेव्हा हे शिंकंच आठवलं, आणि पाठोपाठ थोडी भीती वाटली. दोर त्याच जातीचा, गाठही ओळखीची. पण समोर होतं ते माणसाहून उंच, घड्याघड्यांचं, पाकळ्या उघडत चाललेलं काहीतरी. फूल म्हणावं तर त्याला खांदे होते, देवता म्हणावी तर चेहरा सापडत नव्हता. आणि आत मडकं नव्हतं. ते आपल्याच गाठींच्या जोरावर उभं होतं.

शिल्प म्हटलं की आपण कोरणं, घडवणं, ओतणं ही क्रियापदं वापरतो. मृणालिनींच्या कामाला यातलं एकही लागू पडत नाही. त्यांनी शिल्प बांधलं. मराठीत हा शब्द दोन्हीकडे चालतो. दोर बांधतात आणि देऊळही बांधतात. त्यांच्या बाबतीत या दोन्ही अर्थांची मोट एकाच कृतीत बांधली गेली आहे. म्हणून वाटतं, त्यांचं काम समजून घ्यायला ‘फायबर आर्ट’ या शब्दापेक्षा आपलं ‘बांधणं’ अधिक उपयोगी आहे.

त्यांचा जन्म १९४९चा, मुंबईतला. पण वाढल्या त्या डेहराडूनला. आई लीला मुखर्जी तिथल्या शाळेत कला शिकवत आणि स्वतः लाकडात, पुढे कांस्यात शिल्पं करत. वडील बिनोदबिहारी मुखर्जी, शांतिनिकेतनातले थोर चित्रकार. हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचं भलंमोठं भित्तिचित्र रंगवणारे. एका बाजूला हिमालयाच्या पायथ्याचं जंगल, दुसऱ्या बाजूला सुट्टीतलं शांतिनिकेतन, असं त्यांचं बालपण गेलं. मृणालिनी लहान असतानाच बिनोदबिहारींची दृष्टी गेली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना दिसेनासं झालं, तरी काम थांबलं नाही. कागद कापून, मेणाला हातानं आकार देऊन, बोटांनी चाचपून ते चित्रं आणि आकृत्या करत राहिले. सत्यजित राय यांनी १९७२मध्ये त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा लघुपट केला. ज्या घरात वडील बोटांनी पाहतात आणि आई लाकूड कोरते, त्या घरातल्या एकुलत्या एका मुलीला पदार्थाची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागली नसणार. हा माझा अंदाज आहे, पण त्यांच्या कुठल्याही शिल्पाजवळ उभं राहिल्यावर तो खरा वाटतो. ती शिल्पं डोळ्यांआधी हात मागतात.

बडोद्याला त्या १९६५मध्ये गेल्या. महाराजा सयाजीराव विद्यापीठात आधी चित्रकला आणि नंतर भित्तिचित्रणाचा पदव्युत्तर अभ्यास केला. तिथे गुरू भेटले के. जी. सुब्रमण्यन. ते स्वतः शांतिनिकेतनात बिनोदबिहारींकडे शिकलेले. म्हणजे वडिलांची विद्या त्यांच्या शिष्याच्या हातून मुलीकडे आली. सुब्रमण्यन १९५९ ते १९६१ या काळात हातमाग मंडळाच्या कामासाठी मुंबईत होते. विणकर, कुंभार, खेळणी करणारे यांच्याकडे ते दुरून कौतुकानं पाहत नसत. त्यांची रीत, त्यांचा हिशेब, त्यांचं व्याकरण समजून घेत. बडोद्याच्या कला मेळ्यात विद्यार्थी आणि शिक्षक मिळून खेळणी, मुखवटे करत, ती याच विचारातून. कलाकार वर आणि कारागीर खाली, ही उतरंड त्या आवारात मोडीत निघत होती. भित्तिचित्रासाठी वेगवेगळे पदार्थ हाताळून पाहा, असा सुब्रमण्यन यांचा आग्रह असे. त्यातूनच मृणालिनींच्या हाती दोर आला, आणि पुढची जवळपास तीस वर्षं सुटला नाही.

सुरुवातीची कामं भिंतीवर टांगलेली होती. पहिलं एकल प्रदर्शन १९७२मध्ये दिल्लीत झालं. पुढच्या दशकभरात हा दोर भिंतीपासून सुटत गेला, खोलीच्या मध्यावर आला, आणि शेवटी चहूबाजूंनी फिरून पाहावं असं शिल्प झाला.

हे काम कसं चाले, ते जवळून पाहण्यासारखं आहे. बाजारातून आणलेला दोर तसाच वापरता येत नाही. आधी गुंता सोडवायचा, जाड-बारीक निवडायचं, रंगवायचं. नंतर धातूचा सांगाडा उभा करायचा किंवा वरून टांगायचा आणि त्यावर गाठी मारत जायचं. माग नाही, सुई नाही, आधी काढलेला आराखडा नाही. एका मोठ्या शिल्पाला महिनोन्‌महिने लागत, कधी वर्ष उलटे. मदतीला कुणी असे, पण पुढची गाठ कुठे पडणार हे मृणालिनींच्या हातालाच ठाऊक असे.

गाठ साधीच. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आपल्याकडे घरोघरी मॅक्रमचे वर्ग चालत, कुंड्या टांगायच्या जाळ्या आणि झोपाळे होत, त्यातलीच. पण मॅक्रममध्ये नक्षी सपाट राहते आणि तीच ती फिरून येते. मृणालिनींच्या हातात गाठींची ती पाटी वळायला लागते. गाठकामाचा हिशेब असा, की पदर वाढवले की पृष्ठभाग बाहेर फुगतो, कमी केले की आत वळतो, गाठ घट्ट ओढली की ताठर होतो आणि सैल सोडली की लोंबतो. या चार गोष्टींवर त्यांनी ओठ, पाकळ्या, कुशी, फणा, झुली असं सगळं उभं केलं. कडेला जाड दोराची गोट दिसते, आत खोल अंधारी पोकळी, आणि त्या पोकळीच्या तोंडाशी रंग हलकेच बदलतो. एखाद्या घडीजवळ नाक नेलं तर हजारो गाठी एकेकट्या दिसतात, दोन पावलं मागं सरकलं की त्या मिटतात आणि कातडी दिसते. या दोन पावलांच्या अंतरात शिल्प जिवंत होतं. छायाचित्रात हे अंतरच नाहीसं होतं, म्हणून त्यांचं काम छायाचित्रावरून जोखू नये.

नावं ऐका: ‘नाग देवता’, ‘रुद्र’, ‘देवी’, ‘यक्षी’, ‘पक्षी’, ‘वनश्री’, ‘आदिपुष्प’. पण ही कुठल्या पुराणातल्या देवतांची चित्रणं नव्हेत. हातात आयुध नाही, वाहन नाही, कथा नाही. मला ती आपल्याकडच्या तांदळ्याच्या जवळची वाटतात. शेंदूर फासलेल्या दगडाला नाकडोळे नसतात, तरी समोर गेलं की हात जोडले जातात. कोकणातल्या देवराईत पाऊल टाकलं की आवाज आपोआप खाली येतो, तसंच काहीसं या शिल्पांच्या दालनात होतं. त्यात लैंगिक ऊर्जाही उघड आहे, आणि ती लपवायची गरज त्यांना वाटली नाही. फुलाची आणि स्त्रीदेहाची रचना इथे एकमेकींत मिसळते, आणि त्या मिसळण्यात लाजही नसते, हट्टही नसतो.

मग या शिल्पकर्तीला मोठ्या संग्रहालयांत जागा मिळायला इतका उशीर का झाला? माध्यम आडवं आलं. दोर, गाठ, विणकाम म्हटलं की कलाकुसर, आणि कलाकुसर म्हणजे बायकांचं फावल्या वेळचं काम, हा समज भारतातच होता असं नाही. १९६९मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं ‘वॉल हँगिंग्ज’ हे प्रदर्शन भरवलं. पोलंडच्या मागदालेना अबाकानोविच यांच्यासह अनेकांची तंतुकामं त्यात होती. त्याचं परीक्षण लिहिताना लुईज बुर्झ्वा यांच्यासारख्या शिल्पकर्तीलाही ती कामं सजावटीपलीकडे फारशी जात नाहीत असं वाटलं. पाश्चात्त्य तंतुकलेच्या चळवळीशी मृणालिनींची तुलना पुढे वारंवार झाली. पण त्यांची मुळं बडोद्यात होती, आणि बडोद्यात कारागिरीला कमी लेखायची रीतच नव्हती. दुसरी अडचण दिल्ली-मुंबईच्या कलावर्तुळातली. त्या काळी चर्चा बहुतेक कॅनव्हासभोवती फिरत असे. वर्षाला एखादंच शिल्प पुरं करणाऱ्या, अमूर्तात आणि मूर्तातही न बसणाऱ्या बाईला कुठल्या खान्यात टाकायचं, हे समीक्षेला लवकर उमगलं नाही.

तरी प्रदर्शनं होत राहिली. १९७८मध्ये ब्रिटिश कौन्सिलच्या शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला शिल्पकला शिकून आल्या. १९८६मध्ये सिडनीच्या द्वैवार्षिकात त्यांचं काम लागलं. १९९४मध्ये ऑक्सफर्डच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये एकल प्रदर्शन झालं. १९९६मध्ये नेदरलँड्सच्या सिरॅमिक केंद्रात राहायला मिळालं आणि हाताला माती लागली. २००० सालचं ‘जौबा’ आज लंडनच्या टेटकडे आहे. ते त्यांच्या अखेरच्या दोरशिल्पांपैकी एक. त्यानंतर कांस्य. मेणावर थेट काम करून ओतलेल्या या शिल्पांत पानं, देठ, माडाच्या झावळ्यांसारखे पसरट आकार दिसतात. दोर मऊ असून ताठ उभा राहिला होता, आता कांस्य कठीण असून वाळक्या पानासारखं मुडपलं. मला स्वतःला दोरशिल्पं अधिक भिडतात. कांस्यात बोटांचा तो संथ हिशेब तितकासा जाणवत नाही.

जानेवारी २०१५मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पीटर नॅगी यांनी त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन मांडलं. चार दशकांचं काम, त्या राहत होत्या त्याच शहरात, एका छताखाली. ते पाहायला लोक आत जात होते आणि मृणालिनी रुग्णालयात होत्या. काही दिवसांतच, फेब्रुवारीत, त्या गेल्या. वय अवघं पासष्ट. लोकांनी त्या दालनांतून फिरताना काय अनुभवलं, हे ऐकायला त्या राहिल्या नाहीत, ही गोष्ट आजही लागते.

पुढचं सगळं त्यांच्या माघारी घडलं. २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरमध्ये शनय झवेरी यांनी ‘फिनॉमिनल नेचर’ या नावानं पन्नासहून अधिक शिल्पं मांडली. अमेरिकेतलं हे त्यांचं पहिलं सिंहावलोकन. त्या इमारतीच्या करड्या, कठोर काँक्रीटमध्ये हे रान उगवलं. २०२२च्या व्हेनिस द्वैवार्षिकात, सेसिलिया आलेमानी यांनी रचलेल्या मुख्य प्रदर्शनातही त्यांची दोरशिल्पं होती. ज्या कामाला कुठे ठेवायचं हे कळत नव्हतं, त्याच्याभोवती आता दालनं रचली जात होती.

आणि २०२५च्या ऑक्टोबरअखेर लंडनच्या रॉयल अकादमीत जे प्रदर्शन सुरू झालं, त्याची कल्पना मला सर्वांत मोलाची वाटते. मृणालिनी आणि त्यांचं वर्तुळ, असा त्याचा विषय होता. सुब्रमण्यन होते, जगदीश स्वामीनाथन होते, गुलाम मोहम्मद शेख आणि नीलिमा शेख होते, बिनोदबिहारी होते. आणि लीला होत्या. नवरा थोर चित्रकार, मुलगी थोर शिल्पकार, म्हणून त्या दोघांच्या ओळखीत ज्यांची ओळख आयुष्यभर झाकली गेली, त्या लीला मुखर्जी. डेहराडूनच्या शाळेत मुलांना शिकवून उरलेल्या वेळात त्यांनी छिन्नीनं केलेलं काम, लेकीनं बांधलेल्या उंच दोरदेवतांच्या सोबतीनं, त्याच दालनांत मांडलेलं होतं.