बोंडअळी कधीच संपली नव्हती

बीटी कपाशी आली तेव्हा गुलाबी बोंडअळी नामशेष झाली आणि 2017 साली ती बाहेरून पुन्हा आली, हा समज वर्ध्याच्या कापूसपट्ट्यात घट्ट रुजला आहे. कीड नामशेष झाल्याचं उदाहरण जगात आहे. फिजीच्या विती लेवू बेटावर माडाची पानं फस्त करणारा लेवुआना हा पतंग होता. 1925मध्ये मलायातून परजीवी माशी आणून सोडली आणि थोड्याच वर्षांत तो दिसेनासा झाला. त्या माशीनेच त्याला संपवलं का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण काही बेटांपुरत्या किड्याची घट बाहेरून भरून निघत नाही, एवढं खरं.

बोंडअळीला असं कुंपण कुठलं? गुजरातपासून तेलंगणापर्यंत कपाशीला कपाशी लागून आहे. 2002मध्ये एका जनुकाचं आणि 2006मध्ये दोन जनुकांचं बीटी वाण आलं, अळी कमी झाली. तरी 2010पर्यंत गुजरातेत पहिल्या जनुकाला ती दाद देईनाशी झाल्याचं जाहीर झालं होतं. ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते. सगळं शिवार बीटीचं झालं आणि बांधाकडेच्या बिगर-बीटी ओळी पेरायच्या राहिल्या, की बीटीचं विष पचवणाऱ्या अळ्यांचीच पिढी पुढे चालते. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभी कपाशी, ठेवली की तिला उन्हाळ्यापर्यंत खाणं मिळतं. म्हणून सगळा दोष बोगस बियाण्यावर टाकणं मला पटत नाही.

अमेरिकेने 2018मध्ये ही अळी आपल्या कापूसक्षेत्रातून संपवल्याचं जाहीर केलं, मग आपल्याला का जमू नये, हा प्रश्न रास्त आहे. तिथे बीटीच्या जोडीला विमानातून नपुंसक पतंग सोडले, नर पतंगांना चकवणारा कामगंध वापरला, सगळ्या भागात एकाच वेळी वर्षानुवर्षं मोहीम चालवली. दोन-चार एकरांच्या आपल्या शिवारांत ते तसंच्या तसं होणार नाही, आणि नुसती फवारणी वाढवणं हा तर उपायच नाही: अळी बोंडात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. 2017मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. अळीचा पोटापाण्याचा आधार एकच पीक आहे, हीच तिची दुखरी नस. डिसेंबरअखेर कपाशी उपटावी, पऱ्हाटीचे ढीग बांधावर ठेवू नयेत, डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्याने न उमललेली फुलं, वेचून नष्ट कराव्यात, आणि सलग तीन रात्री कामगंध सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तरच फवारा हाती घ्यावा.