ध्वनिमुद्रणापासून बोलक्या पुस्तकापर्यंत

पुस्तक वाचणे म्हणजे केवळ पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जाणे नव्हे. वाचक अनुक्रमणिका पाहतो, हवे ते प्रकरण काढतो, शिक्षकांनी सांगितलेले पान उघडतो, मध्येच खूण घालून पुस्तक मिटतो आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे वाचू लागतो. डोळस वाचकाच्या हे सारे इतके अंगवळणी पडलेले असते की, त्याचे महत्त्व सहसा ध्यानात येत नाही. ज्याला पुस्तक कानांनी वाचावे लागते त्याची अडचण मात्र येथेच सुरू होते. हौसेने वाचून मुद्रित केलेल्या पाच-पन्नास ध्वनिफायली त्याच्या हाती दिल्या, तर त्याला आवाज मिळतो. पुस्तक मिळत नाही. या फायलींचे पुस्तकात रूपांतर कसे होते, याची माहिती शाळा, ग्रंथालये आणि ग्रामपंचायती यांना असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख व्यक्ती दिव्यांग होत्या. त्यांपैकी सुमारे ५० लाख व्यक्तींना दृष्टिदोष होता. महाराष्ट्रातील दिव्यांगांची संख्या त्या वेळी सुमारे २९ लाख ६३ हजार नोंदली गेली. याखेरीज हातांच्या दुबळेपणामुळे ज्यांना पुस्तक धरता येत नाही, पाने उलटता येत नाहीत, किंवा वाचन-अक्षमतेमुळे ज्यांना अक्षरांची ओळख पटण्यास विलक्षण सायास पडतात, अशांनाही छापील पान परकेच असते. या सर्वांना बोलके पुस्तक उपयोगी पडते.

तबकडी ते संगणक

बोलक्या पुस्तकाची कल्पना ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी आहे. फोनोग्राफचा शोध लागल्यावर त्याचे संभाव्य उपयोग सांगताना थॉमस एडिसन यांनी १८७८ मध्येच अंधांसाठी बोलणाऱ्या पुस्तकांचा उल्लेख केला होता. प्रत्यक्षात ती कल्पना उतरण्यास सुमारे अर्धशतक लागले. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांपैकी अनेकांना प्रौढ वयात ब्रेल लिपी आत्मसात करणे जड जात होते. त्यांच्या गरजेतून ब्रिटनमध्ये प्रयोग झाले आणि १९३५ मध्ये तेथे बोलक्या पुस्तकांची सेवा सुरू झाली. अमेरिकेतही त्याच सुमारास, १९३० नंतरच्या दशकात, अशी पुस्तके तबकड्यांवर निघू लागली. एका कादंबरीसाठी त्या काळी सुमारे दहा तबकड्या लागत.

१९६३ मध्ये कॅसेट आली. तिच्यामुळे मुद्रण स्वस्त झाले आणि टपालाने पाठविणे सोपे झाले. तथापि, नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर दहा तासांचे पुस्तक घ्यायचे, तर सात कॅसेट लागत. आठवे प्रकरण हवे असल्यास ते कोणत्या कॅसेटवर आहे हे आठवायचे, मग फीत पुढे-मागे फिरवून अंदाजाने शोधायचे, असा प्रकार होता. मनोरंजनासाठी ऐकणाऱ्याचे त्यात फारसे बिघडत नसे. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याचा मात्र अर्धा वेळ फीत फिरविण्यातच जाई.

ही उणीव स्वीडनमधील बोलक्या व ब्रेल पुस्तकांच्या ग्रंथालयाने हेरली. अभ्यासासाठी पुस्तक वापरणाऱ्या अंध वाचकाला डोळस वाचकाप्रमाणेच पुस्तकात हवे तेथे जाता यावे, या उद्देशाने तेथे संगणकीय पद्धतीवर काम सुरू झाले. १९९६ मध्ये विविध देशांतील ग्रंथालयांनी एकत्र येऊन ‘डेझी कन्सोर्शियम’ ही संस्था स्थापन केली. ‘डिजिटल अ‍ॅक्सेसिबल इन्फर्मेशन सिस्टिम’ या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘डेझी’ हा शब्द तयार झाला आहे. आज जगभर बोलक्या पुस्तकांसाठी हीच पद्धत प्रमाण मानली जाते.

पुस्तकाला पुस्तकपण कशाने येते?

डेझी पुस्तकात ध्वनीच्या फायली असतातच; पण त्यांच्यासोबत एक नकाशाही असतो. कोणते प्रकरण, कोणते उपशीर्षक आणि कोणते पान कोणत्या फाइलमध्ये, किती मिनिटे व किती सेकंदांवर सुरू होते, याची नोंद त्यात केलेली असते. शीर्षकांच्या सहा पातळ्या ठेवण्याची सोय असते. भाग, प्रकरण, घटक, उपघटक अशी उतरंड त्यामुळे कायम राहते. ‘पान सत्तेचाळीस काढा’ असे शिक्षकांनी म्हणताच अंध विद्यार्थी यंत्रावर तो आकडा दाबतो आणि त्याच पानावर पोहोचतो. तो खूण घालू शकतो, वाचनाचा वेग वाढवू शकतो, एखादे वाक्य पुन्हा ऐकू शकतो. वर्गातील इतर मुलांच्या बरोबरीने तो पुस्तक वापरतो, हा यातील खरा लाभ आहे.

डेझीखेरीज आणखी दोन प्रकार प्रचारात आहेत. ‘एमफोरबी’ या प्रकारात संपूर्ण पुस्तक एकाच ध्वनिफाइलमध्ये असून प्रकरणांच्या खुणा तिच्यातच भरलेल्या असतात. सर्वसाधारण ई-पुस्तकांसाठी रूढ असलेल्या ‘ईपब’च्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २०११ पासून, मजकूर आणि ध्वनी एकत्र गुंफण्याची सोय झाली. त्यात वाचला जाणारा मजकूर पडद्यावर त्याच वेळी ठळक होत जातो. वाचन-अक्षमता असलेल्या मुलांना याचा विशेष उपयोग होतो.

रूपांतराचे टप्पे

पहिला टप्पा मुद्रणाचा. शांत खोली, बंद पंखा, भिंतीलगत टांगलेल्या जाड गोधड्या किंवा सतरंज्या आणि बऱ्यापैकी मायक्रोफोन एवढी सामग्री पुरेशी होते. वाचकाने आरंभी पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष आणि स्वतःचे नाव सांगावे. नकाशे, आकृत्या आणि तक्ते वगळू नयेत. त्यांचे थोडक्यात वर्णन करावे. वाचन नाटकी नसावे, सपाटही नसावे. शक्यतो एक पुस्तक एकाच व्यक्तीने वाचावे.

दुसरा टप्पा शुद्धीकरणाचा. ‘ऑडॅसिटी’सारख्या विनामूल्य प्रोग्रॅमच्या साहाय्याने अडखळलेली वाक्ये काढता येतात आणि सर्व प्रकरणांतील आवाजाची पातळी सारखी करता येते. एक प्रकरण मोठ्याने आणि दुसरे हळू ऐकू येत असेल, तर ऐकणाऱ्याला सतत यंत्राशी झगडावे लागते. मूळ छापील प्रत समोर धरून दुसऱ्या व्यक्तीने एकदा संपूर्ण मुद्रण तपासणेही आवश्यक आहे.

तिसरा टप्पा क्रम लावण्याचा. दिसण्यास हा क्षुल्लक वाटतो. परंतु बरीच मेहनत येथेच वाया जाते. अनेक यंत्रे फायलींची नावे अक्षरशः, म्हणजे एकेक अंक पाहून, क्रमाने लावतात. ‘१, २, ३’ अशी नावे दिल्यास त्यांच्या लेखी १ नंतर १० आणि ११ येतात. २ चा क्रम त्यानंतर लागतो. कथेचा शेवट आरंभीच ऐकू येतो. म्हणून ‘००१, ००२, ००३’ अशी तीन अंकी नावे द्यावीत. काही जुन्या यंत्रांना देवनागरी नावे वाचता येत नाहीत. तेव्हा फाइलला केवळ इंग्रजी पद्धतीचे अंक द्यावेत आणि प्रकरणाचे मराठी नाव फाइलच्या अंतर्गत माहितीत युनिकोडमध्ये भरावे.

चौथा टप्पा आकार कमी करण्याचा. दोनशे पानांचे पुस्तक घेतले, पानावर सुमारे तीनशे शब्द धरले आणि मिनिटाला १२० शब्दांच्या गतीने वाचले, तर मुद्रण ८ तास २० मिनिटांचे होते. हे मुद्रण मूळ स्वरूपात, म्हणजे सीडीच्या दर्जाचे व एकपदरी ठेवल्यास सुमारे २,६५० मेगाबाइट जागा व्यापते. तेच ‘एमपीथ्री’ प्रकारात, सेकंदाला ६४ किलोबिट या प्रमाणात संकुचित केले असता सुमारे २४० मेगाबाइटमध्ये मावते. मानवी आवाजासाठी हा दर्जा पुरेसा असतो. मूळ प्रत मात्र पुसून टाकू नये. पुढे दुरुस्ती करायची झाल्यास तिचीच गरज लागते.

पाचवा आणि महत्त्वाचा टप्पा रचनेचा. डेझी कन्सोर्शियमने ‘ओबी’ नावाचा प्रोग्रॅम विनामूल्य उपलब्ध करून दिला आहे. त्यात तयार ध्वनिफायली घेता येतात. वाचनातील विरामांवरून तो प्रोग्रॅम मुद्रणाचे वाक्यांशांत विभाजन करतो. त्यानंतर कोणता वाक्यांश प्रकरणाचे शीर्षक आहे आणि कोठे नवे पान सुरू होते, याच्या खुणा माणसाने करायच्या असतात. पृष्ठांक छापील प्रतीप्रमाणेच द्यावेत. अन्यथा वर्गात त्यांचा उपयोग उरत नाही. हे काम पूर्ण झाले म्हणजे त्याच सामग्रीतून डेझी किंवा ईपब पुस्तक काढता येते.

शेवटी, तयार पुस्तक ज्या यंत्रावर वापरायचे त्याच यंत्रावर आणि शक्य तर अंध वाचकाकडूनच तपासून घ्यावे. ई-वाचक यंत्र खरेदी करतानाही सावधगिरी हवी. बाजारातील काही यंत्रे केवळ स्वतःच्या दुकानातून घेतलेली ध्वनिपुस्तके चालवितात. बाहेरून घातलेली फाइल स्वीकारत नाहीत. डेझी वाचणारी स्वतंत्र यंत्रे मिळतात आणि साध्या मोबाइलवरही तशी सोय करता येते.

कायदा काय सांगतो?

लेखकाच्या हक्काचे काय, असा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होतो. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षेपर्यंत त्याच्या साहित्यावर स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांचा हक्क २०१० अखेर संपला. ‘श्यामची आई’ हे पुस्तक आज कोणीही वाचून मुद्रित करू शकतो आणि सर्वांना ऐकवू शकतो.

ज्यांचा हक्क अद्याप शिल्लक आहे अशा पुस्तकांच्या बाबतीत २०१२ च्या स्वामित्वहक्क सुधारणा अधिनियमाने मोठी वाट मोकळी केली. दिव्यांग व्यक्तींना वापरता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत करणे आणि ती त्यांच्या खाजगी वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी त्यांना देणे, हा स्वामित्वहक्काचा भंग मानला जात नाही. दिव्यांगांसाठी कार्य करणाऱ्या संस्थांनाही अशा प्रती करता येतात. मात्र त्यांनी प्रती नफ्याविना, फार तर निर्मितिखर्च घेऊन द्याव्यात, त्या दिव्यांगांकडूनच वापरल्या जातील अशी खबरदारी घ्यावी आणि त्या सर्वसाधारण व्यापारात शिरू नयेत म्हणून वाजवी उपाय योजावेत, अशा अटी आहेत. याचा अर्थ स्पष्ट आहे. हक्क शिल्लक असलेली कादंबरी अंध वाचकासाठी मुद्रित करता येईल. तीच गावच्या चावडीवर सर्वांसाठी लावायची असेल किंवा मोबाइलच्या गटात पाठवायची असेल, तर हक्कधारकाची अनुमती घ्यावी लागेल.

याच विषयावरील मराकेश करार २०१३ मध्ये झाला. त्याला सर्वप्रथम, २०१४ मध्ये, अनुसमर्थन देण्याचा मान भारताने मिळविला. ३० सप्टेंबर २०१६ पासून करार अमलात आला आणि सदस्य देशांना अशा पुस्तकांची परस्पर देवघेव करण्याचा मार्ग खुला झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र शासनाने ‘सुगम्य पुस्तकालय’ हे दिव्यांगांसाठीचे संगणकीय ग्रंथालय सुरू केले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये तर चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, इतर अध्ययन साहित्य व साहाय्यक साधने विनामूल्य पुरविण्याची तरतूद आहे. बोलके पुस्तक ही त्यामुळे कोणाच्या मेहेरबानीची बाब राहिलेली नाही.

गावपातळीवर काय करता येईल?

नवे मुद्रण हाती घेण्यापूर्वी तेच पुस्तक अन्यत्र तयार आहे काय, याची चौकशी करणे श्रेयस्कर ठरेल. एकच पाठ्यपुस्तक चार ठिकाणी वाचले जावे आणि पाचवे कोठेच वाचले जाऊ नये, यात श्रमांचा अपव्यय होतो. स्थानिक पुस्तके, जिल्ह्याचा इतिहास, शेतीविषयक पुस्तिका, स्पर्धा परीक्षांची मराठी पुस्तके यांची उणीव अधिक जाणवते. तेथून आरंभ करावा.

निवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि ग्रंथालयाचे सभासद यांच्यातून वाचक मिळू शकतात. मात्र वाचणाऱ्यांइतकीच खुणा करणाऱ्यांची आणि तपासणाऱ्यांची गरज असते, हे प्रथमच ठरवून घ्यावे. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ठरावीक हिस्सा दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावा, असे राज्य शासनाचे धोरण आहे. नियमांच्या चौकटीत राहून गावातील अंध विद्यार्थ्यांसाठी श्रवणयंत्रणा पुरविण्याचा विचार ग्रामसभेत होणे उचित ठरेल. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी आपल्या क्षेत्रातील अशा विद्यार्थ्यांची यादी आणि त्यांच्या इयत्तेची पुस्तके यांचा मेळ शाळा सुरू होण्यापूर्वी घातला, तर पुस्तके जूनमध्ये त्यांच्या हाती पडू शकतील. वर्ष संपताना मिळालेले पुस्तक, ते कितीही उत्तम मुद्रित झालेले असो, त्या विद्यार्थ्याच्या परीक्षेस उपयोगी पडत नाही. पुस्तक वेळेवर मिळणे आणि त्यात हवे ते पान सापडणे, या दोन्ही गोष्टी साधल्या म्हणजेच या कामाचे सार्थक होईल.