पाणी असलं की पैसा येतोच का?

कराड ते पलूस या पट्ट्यातला उभा ऊस बघितला की कुणालाही वाटतं, ज्याला निसर्गानं दिलं तो श्रीमंत. आखाती देशांच्या बातम्या वाचतानाही हेच मनात येतं. देशांच्या अर्थकारणाबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं या एका समजुतीवर उभं आहे. तेल, तांबं, हिरे, पाणी, माती असलं की भाग्य उघडलं.

ज्या देशाच्या मालाच्या निर्यातीतले ६० टक्क्यांहून जास्त पैसे खनिजं, तेल-वायू आणि शेतमाल अशा कच्च्या वस्तूंतून येतात, तो देश संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक संस्थेच्या मोजमापात त्या वस्तूंवर अवलंबून मानला जातो. या यादीत सौदी अरेबिया आहे आणि झांबियाही आहे. विकसनशील देशांपैकी निम्म्याहून जास्त देश या यादीत बसतात. भारत त्यात बसत नाही. पण देशाचा हिशोब बाजूला ठेवून फक्त कृष्णाकाठ घेतला, तर सातारा-सांगलीचा मोठा भाग नदीचं पाणी आणि काळी माती या दोनच गोष्टींवर जगतो. म्हणून देशांना लागू पडणारे प्रश्न इथंही जसेच्या तसे विचारता येतात.

पहिली समजूत अशी की संसाधन नसलेला मुलूख गरीबच राहणार. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या वाट्याला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. माण, खटाव, खानापूर, आटपाडी हे पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी तालुके. इथल्या जमिनीत सोन्याचा कणही नाही. तरी विटा-खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक केरळ-तमिळनाडूपासून दिल्ली-कोलकात्यापर्यंत सराफ पेठांत दुकानं मांडून बसले आहेत. जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबानं हिणकस वेगळं काढायचं आणि शुद्ध सोन्याची लगड सराफाच्या हातात द्यायची, हा त्यांचा धंदा. सराफाच्या दुकानातला झाडलेला केरसुद्धा ते विकत घेतात आणि त्यातलं सोनं काढतात. या धंद्याचं भांडवल म्हणजे हातातलं कसब आणि परमुलखातल्या सराफानं टाकलेला विश्वास. गावी उभे राहिलेले बंगले, शाळा-देवळांना दिलेल्या देणग्या त्यातूनच आल्या.

दुसरं उदाहरण जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळ कारखाना मांडला तो औंध संस्थानच्या राजानं दिलेल्या माळरानावर. निवडुंग आणि दगडधोंडे एवढंच तिथलं वैभव होतं. लोखंड बाहेरून, कोळसा बाहेरून. तरी तिथून नांगर, उसाचे चरक आणि पुढं पंप देशभर गेले. जपान आणि सिंगापूर यांच्याबद्दल जे पुस्तकात वाचतो, तेच आपल्या किर्लोस्करवाडीच्या माळावरही घडलं होतं.

मग याच्या उलट टोकाची समजूत येते. संसाधन म्हणजे शापच, तेल सापडलं की देश बुडालाच म्हणायचा. शिकल्यासवरल्या माणसांत ही समजूत जास्त. तिला आधार आहे, नाही असं नाही. नेदरलँड्समध्ये १९५९ साली ग्रोनिंगेनचा प्रचंड वायूसाठा सापडला. वायूच्या निर्यातीमुळं परकी चलन धो-धो आलं, डच चलन महागलं आणि त्याबरोबर तिथल्या कारखान्यांचा माल परदेशी गिऱ्हाइकाला महाग पडू लागला. पैसा एका दारानं आला आणि कारखानदारी दुसऱ्या दारानं जाऊ लागली. पॅसिफिकमधल्या नाउरू या चिमुकल्या बेटाचं तर फारच वाईट झालं. तिथल्या फॉस्फेटच्या जोरावर १९७०च्या दशकात त्यांचं दरडोई उत्पन्न जगातल्या वरच्या देशांत मोजलं जायचं. पैसा परदेशातल्या इमारतींत, विमान कंपनीत, लंडनमधल्या एका पडलेल्या संगीत नाटकातसुद्धा गेला. फॉस्फेट संपत आलं तेव्हा मेलबर्नमधली आपली उंच इमारत त्यांना विकावी लागली आणि बेटाचा मधला भाग खणून ओसाड झाला तो झालाच.

पण नॉर्वेलाही तेलच सापडलं, १९६९ साली. बोत्सवानाला १९६६ साली स्वातंत्र्य मिळालं आणि लगेच पुढच्या वर्षी ओरापाला हिरे सापडले. नॉर्वेनं तेलाचा सरकारी पैसा एका निधीत टाकायचा कायदा केला. तेलाचं उत्पन्न थेट खर्चायचं नाही, निधीवर जो परतावा अपेक्षित आहे तेवढाच अर्थसंकल्पात घ्यायचा, असा दंडक २००१ पासून आहे. हा परतावा आधी ४ टक्के धरला होता, २०१७ पासून ३ टक्के. बोत्सवानानं हिऱ्यांच्या कंपनीत अर्धी भागीदारी सरकारकडे ठेवली आणि तो पैसा शाळा, दवाखाने, रस्ते यांत घातला. आफ्रिकेतल्या अतिगरीब देशांपैकी एक असलेला हा देश मध्यम उत्पन्नाच्या देशांत येऊन बसला. आता प्रयोगशाळेतले हिरे बाजारात आल्यावर त्यालाही चटके बसत आहेत, कारण हिऱ्यांपलीकडे फारसं काही उभं राहिलं नाही. म्हणजे चांगला कारभार असला तरी एकाच मालावर उभं राहण्याची जोखीम संपत नाही.

हे सगळं दूरच्या देशांचं झालं. माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोलाचा धडा येरळा नदीच्या वाळूत आहे. खानापूर तालुक्यातली ही नदी वर्षातले बरेच महिने कोरडी असते. ठेकेदार वाळू उपसून नेत आणि पाठोपाठ विहिरींची पातळी खाली जाई, कारण नदीतली वाळू पाणी धरून ठेवते. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून गावी परतलेले कामगार आणि इथले शेतकरी मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आले. बलवडी आणि तांदूळवाडी या दोन गावांनी मागणी केली की ठेकेदारांचा उपसा थांबवा, आणि थोडीशी वाळू विकण्याचा हक्क गावाला द्या, म्हणजे आम्ही त्या पैशातून बंधारा बांधू. झगडून त्यांनी तो मिळवला. वाळूचे पैसे, गावाचं श्रमदान आणि जाणत्या अभियंत्यांची मदत यांतून बळीराजा धरण उभं राहिलं. पाण्याची वाटणीही जमिनीच्या मापानं ठरवली नाही. भूमिहीन कुटुंबालाही त्यात हिस्सा धरला.

संपणारी वस्तू विकून तिच्या जागी टिकणारी वस्तू उभी करायची, हे जे नॉर्वेनं तेलाच्या बाबतीत केलं, तेच या दोन गावांनी वाळूच्या बाबतीत केलं. शेजारच्या गोव्यात हे काम न्यायालयाच्या आदेशानं झालं. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली लोहखनिजाच्या विक्रीतला १० टक्के हिस्सा कायम निधीत टाकायला सांगितला. बलवडीला कुणी सांगावं लागलं नाही. ही गोष्ट इथल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आता उसाबद्दलची समजूत. कच्चा माल विकू नका, त्याच्यावर प्रक्रिया करा म्हणजे प्रश्न सुटला, असं नेहमी सांगितलं जातं. ऊस तोडल्यावर एक-दोन दिवसांत गाळावा लागतो, नाहीतर वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. त्यामुळं कारखाना शेताजवळच लागतो, आणि सहकारी साखर कारखान्यांनी कृष्णाकाठी शाळा, महाविद्यालयं, दवाखाने, उपसा योजना उभ्या केल्या हे खरंच आहे. पण प्रक्रियेनं किमतीची दोरी हातात आली का? उसाचा रास्त व किफायतशीर दर केंद्र सरकार ठरवतं. २०२४-२५ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये होता. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरली, आणि उसाचा दर त्यानंतर वाढत गेला तरी ती पुढं बरीच वर्षं तिथंच थांबून राहिली. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका आदेशानं बंदी आली, आणि त्यासाठी कर्ज काढून आसवनी उभारणाऱ्या कारखान्यांचं गणित एका रात्रीत फिसकटलं. पहिल्या उचलीचा, म्हणजे उसाच्या पहिल्या हप्त्याचा, आकडा गावाच्या पारावर ठरत नाही. तो दिल्लीत आणि ब्राझीलच्या पिकावर ठरतो. साखर पक्का माल दिसते, पण बाजारात तिची वागणूक तांब्यासारखीच.

आणि नदी म्हणजे न संपणारं संसाधन, ही समजूत तर फार महागात पडली आहे. तेल संपतं, कृष्णा दर पावसाळ्यात भरते, म्हणून आपल्याला तांब्यावर जगणाऱ्या झांबियासारखी भीती नाही, असं वाटतं. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत नदीकाठची जमीन बघावी. काळ्या खोल जमिनीला पाटानं वारेमाप पाणी दिलं, निचऱ्याची सोय केली नाही. जमिनीतली पाण्याची पातळी वर आली, तिच्याबरोबर क्षार वर आले. उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि वर पांढरा थर उरतो. तिथं उसाचं टिपरं लावलं तर डोळा फुटत नाही, फुटला तर कोंब पिवळा पडून बसतो. ही क्षारपड जमीन दुरुस्त होते, जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षाराचं पाणी बाहेर काढता येतं. पण पाइप एका शेतकऱ्याच्या बांधावर थांबत नाहीत, ओढ्यापर्यंत न्यावे लागतात, म्हणून शिवारातल्या सगळ्यांनी मिळून खर्च करावा लागतो. पाणी दरवर्षी परत येतं, माती येत नाही.

ज्याच्या जमिनीत संसाधन, त्यालाच लाभ, हेही खरं नाही. कोयना धरण १९६४ मध्ये पूर्ण झालं. धरणामागच्या शिवसागर जलाशयाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे उतरतं आणि सगळे टप्पे मिळून १,९०० मेगावॉटहून जास्त विजेची क्षमता आहे. त्या विजेवर मुंबई-पुण्याची कारखानदारी वाढली. ज्यांची गावं बुडाली त्यांच्या वारसांना मात्र जमिनीसाठी आणि पुनर्वसनासाठी अर्धशतक उलटून गेल्यावरही कोयनानगरला धरणं धरून बसावं लागलं. नायजेरियात १९५६ साली तेल सापडलं ते नायजर नदीच्या मुखाकडच्या प्रदेशात. तेल परदेशी गेलं, पैसा राजधानीत गेला, गळतीचा चिखल तिथल्या कोळ्यांच्या खाडीत राहिला. वाटणीचा नियम कुठं आणि कुणी केला, यावरच लाभ कुणाला हे ठरतं.

हा प्रश्न आता दुष्काळी भागात उभा राहतो आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांनी कृष्णेचं पाणी उचलून वर नेलं आहे. टेंभूचं पाणी कराड तालुक्यातून टप्प्याटप्प्यानं चढवत आटपाडीपर्यंत जातं, आणि ते चढवायला वीज लागते. विजेच्या बिलातला ८१ टक्के भार सरकारनं आणि १९ टक्के शेतकऱ्यानं उचलायचा, असं धोरण आहे. म्हणजे त्या पाण्याच्या प्रत्येक थेंबात सगळ्या राज्याचा पैसा आहे. डाळिंबासाठी ओळखल्या जाणाऱ्या आटपाडीत स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं १९९३ पासून पाणी परिषदा भरत आल्या. पाणी सगळ्यांना समन्यायानं मिळावं, ही त्यांची मागणी. ती आज जास्त तातडीची आहे. नॉर्वेचा कायदा १९९० चा आणि निधीत पहिली रक्कम पडली १९९६ साली, म्हणजे निधीचा नियम आधी झाला, पैसा नंतर पडला. तसंच आटपाडी, माण, खटावमध्ये बंद पाइप, मोजून पाणी आणि कुटुंबागणिक हिस्सा या गोष्टी ऊस पसरायच्या आधी ठरल्या पाहिजेत. एकदा शिवारात ऊस उभा राहिला आणि त्याच्या भरवशावर कारखाना उभा राहिला, की ते पाणी परत मागायची ताकद कुठल्याच सरकारात उरत नाही.