सही हाताची की छापील?

२ एप्रिल २०११ च्या रात्री वानखेडेवर महेंद्रसिंह धोनीने षटकार मारून विश्वचषक जिंकून दिला. त्याच वर्षी जुलैत ती बॅट लंडनमधल्या धर्मादाय लिलावात एक लाख पौंडांना गेली. घेणारी कंपनी होती भारतातली, आर. के. ग्लोबल. मीरा रोडहून चर्चगेटची लोकल धरली की गाठता येणारं हे मैदान, आणि तिथल्या लाकडाच्या तुकड्याला असा भाव!

गिरगाव, दादर, परळ सोडून मीरा-भाईंदरला आलेल्या कुटुंबांच्या माळ्यावर अशी बॅट नसेल. पण एखाद्या ट्रंकेत आजोबांची ऑटोग्राफची वही असू शकते. घर बदलताना तीच आधी रद्दीत जाते, याची खरी हळहळ वाटते.

अमेरिकेत असा कागद कुणी सहजी टाकत नाही. तिथे सिगारेट आणि च्युइंगगमच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची कार्डं येत. होनस वॅग्नरचं १९०९ ते १९११ च्या मालिकेतलं एक कार्ड २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरना विकलं गेलं. त्याच वर्षी मिकी मँटलचं १९५२ चं कार्ड एक कोटी सव्वीस लाखांवर पोहोचलं. ही किंमत कार्ड दुर्मीळ असण्याची किंवा कोरं राहण्याची. त्यावर सही असली, तर ती खरी की खोटी याची तपासणी निराळी. नव्वदच्या दशकात अमेरिकी तपास यंत्रणा एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये बनावट सह्यांची मोठी टोळी पकडली, तेव्हा मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा सापडले!

क्रिकेटलाही हा नाद जुनाच. इंग्लंडच्या सिगारेट कार्डांवर रणजितसिंहजी झळकले होते. आपल्याकडे बिग फन बबलगमच्या चित्रांची अदलाबदल मधल्या सुट्टीत चाले. पण जुन्या सहीची खरी गंमत अख्ख्या संघाच्या सह्या असलेल्या पानात आहे. १९७१ चं असं पान हाती आलं, तर नावं नीट वाचावीत. अजित वाडेकर आणि सुनील गावसकर त्या वर्षी वेस्ट इंडिजमध्येही होते आणि इंग्लंडमध्येही. मात्र त्यांच्यासोबत सलीम दुराणी असतील तर पान वेस्ट इंडिज दौऱ्याचं असण्याचा संभव जास्त, फारूख इंजिनिअर असतील तर इंग्लंडचं. दुराणी इंग्लंडला गेले नव्हते, इंजिनिअर वेस्ट इंडिजला. पानावर तारीख नसली तरी संघच ती सांगतो.

मग भिंग घ्यावं. छापील सहीत शाईचे बारीक ठिपके दिसतात, रेघ सगळीकडे सारखी सपाट असते. हाताच्या सहीत पेन कुठे दाबलं, कुठे उचललं, हे कळतं. बॉलपेन असेल तर कागदाच्या मागे बोटाला खाचही लागते. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच बॅटींवर खेळाडूची सही छापलेलीच असते. अशा बॅटला ‘ऑटोग्राफ बॅट’ म्हणून पैसे मोजू नयेत.

सही खरी निघाली तरी ती सांभाळायला हवी. आपल्याकडे जपायचं म्हणजे लॅमिनेशन, आणि तिथेच घात होतो. गरम प्लास्टिक एकदा कागदाला चिकटलं की सुटत नाही, आणि संग्राहक पाठ फिरवतो. सेलोटेपचा डिंक पिवळा पडतो, उन्हाच्या भिंतीवर टांगली तर शाई उडते. खाडीकाठच्या पावसाळी दमटपणात बुरशी धरते. आम्लरहित कागदाचं पाकीट, सिलिका जेलच्या पुड्या आणि कोरडं कपाट एवढं पुरतं.

असा संग्रह नीट मांडला की काय होतं, ते पुण्यात सहकारनगरला पाहता येतं. क्रिकेट खेळलेल्या रोहन पाटे यांनी स्वाक्षरीच्या बॅटी आणि क्रिकेटच्या इतर वस्तू जमवून उभारलेल्या ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ संग्रहालयाचं उद्घाटन २०१२ मध्ये सचिन तेंडुलकरने केलं.

विकायचं ठरवलंच, तर वहीतलं पान फाडू नये. सलग वहीतच सहीचा पुरावा असतो. सही कुणी, कुठे, कोणत्या सामन्याला घेतली हे घरातल्या थोरल्यांना विचारून वेगळ्या चिठ्ठीवर लिहावं. त्या दिवसाचं तिकीट किंवा फोटो असेल तर तो सोबत ठेवावा आणि एकाच दुकानदाराच्या बोलीवर वही देऊन टाकू नये.