तबकडी मुकी की यंत्र आंधळे?

लेकीच्या लग्नाची डीव्हीडी दिवाळीत पाहुण्यांना दाखवावी म्हणून संगणकात घालावी, तर ती नुसती घरघरते. गाण्यांची सीडी मात्र छान वाजते! पण म्हणून तबकडीच गेली असे समजू नका. सीडी वाचणाऱ्या लेसरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीच्या लेसरची ६५०. एक थकला तरी दुसरा धडधाकट राहू शकतो. शिवाय डीव्हीडीवरील रेघा अवघ्या ०.७४ मायक्रॉन अंतरावर; भिंगावरची धूळ तिला आधी बाधते.

तेव्हा प्रथम चित्रपटाची विकतची डीव्हीडी लावून पाहावी. ती चालली, तर दोष बहुधा घरच्या तबकडीत. ती मऊ फडक्याने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल नव्हे. विकतचीही चालली नाही, तर दोष यंत्राचा. मग यूएसबीने जोडायचा दुसरा ड्राइव्ह मागून आणावा.

आणि एकदा चित्र दिसले, की करमणूक मागाहून. आधी नक्कल उतरवून घ्यावी. घरी नोंदवलेल्या तबकडीतला रंगद्रव्याचा थर काळाबरोबर विटतो. यंत्र नवे मिळेल हो, पण त्या मांडवात हसणारी आजी पुन्हा कुठून आणायची?